वाचताना सगळं समजतं, पेपरात हात अडतो: नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला अकरा आठवडे उरलेत

पहाटेची_वही

नमस्कार. इथलं बरेच दिवस वाचतेय, लिहितेय मात्र पहिल्यांदाच.

मी २९ वर्षांची. विज्ञानाचं पुस्तक शेवटचं हातात घेतलं त्याला अकरा वर्षं झाली. सध्या एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर नोंदी भरायचं काम करते. गेल्या वर्षी बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि आम्ही १९ दिवस दवाखान्यात काढले. तिथे रात्रीच्या ड्युटीला एक सिस्टर असायच्या. दर दोन तासांनी त्या बाबांची कूस बदलायच्या. एकदा मी मदतीला उभी होते, तर त्यांनी बाबांच्या माकडहाडाच्या वर लाल झालेली जागा दाखवली, बोटाने दाबली आणि म्हणाल्या, “बघ, दाबल्यावर पांढरी पडते, बोट काढलं की परत लाल होते. म्हणजे रक्त अजून फिरतंय. दाबूनही लालच राहिली असती तर आत इजा सुरू झाली, असं समजायचं.” एवढंच बोलल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. पण ते बोट माझ्या डोक्यातून जात नाही. मला हे काम शिकायचंय.

आता अडचण. गेल्या रविवारी घरीच घड्याळ लावून सराव पेपर सोडवला. १०० प्रश्न, ९० मिनिटं. ४७ बरोबर, ४२ चूक, ११ सुटलेच नाहीत. जीवशास्त्रात ४० पैकी २४, भौतिक-रसायन मिळून २० पैकी ८, अंकगणितात २० पैकी ६, भाषेत २० पैकी ९.

जीवशास्त्राच्या २४ने मला रडू आलं. कारण ती सगळी प्रकरणं मी तीन-तीनदा वाचलीयेत, दोन रंगांच्या पेनांनी रेघा मारून. वाचताना सगळं समजतं. आणि पेपरात ‘फुप्फुस धमनीतून कोणतं रक्त वाहतं’ या प्रश्नाला मी ‘ऑक्सिजनयुक्त’वर खूण करून आले. घरी येऊन पुस्तक उघडलं तर त्याच ओळीखाली माझी हिरवी रेघ होती.

माझ्याकडे पहाटे साडेचार ते साडेसहा एवढा वेळ आहे, आणि रविवार. परीक्षेला अकरा आठवडे. विचारायचंय ते असं: वाचलेलं पेपरात का आठवत नाही? गणिताची सुरुवात कुठून करू? शाळेत सगळं मराठीतून शिकले, त्यामुळे इंग्रजी शब्द आले की अडखळते, त्याला काय उपाय? आणि काही ठिकाणी लेखीनंतर मुलाखत असते म्हणतात, तिथे काय विचारतात?

पुस्तकं चार आहेत. अजून घ्यायची असतील तर तेही सांगा.

---

दुसऱ्या_वर्षाला

ताई, मी सध्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकं अजून अजिबात घेऊ नका. चारातली दोनसुद्धा कपाटात ठेवून द्या.

आधी तुम्ही ज्या ज्या ठिकाणी अर्ज करणार आहात त्यांचं माहितीपत्रक नीट वाचा. विषयवार किती प्रश्न, किती वेळ, चुकीच्या उत्तराला गुण कापतात का, कॅल्क्युलेटर चालतो का. प्रत्येक परीक्षेचं हे वेगळं असतं आणि ऐकीव माहितीवर जाऊ नका. मी दोन महिने आवर्त सारणी घोकत बसले होते आणि माझ्या पेपराला रसायनशास्त्राचे प्रश्न अगदी मोजके निघाले. तेवढ्या वेळात माझी भाषा सुधारली असती.

भाषेबद्दल एकच सांगते. उतारा दिला असेल तर उत्तर उताऱ्यातूनच द्यायचं. तुम्हाला त्या विषयातलं जास्त माहीत असेल तरी ते बाजूला ठेवायचं. मी आहारावरच्या उताऱ्यात माझं ज्ञान वापरून तीन गुण घालवले. उताऱ्यात ते लिहिलेलंच नव्हतं.

बाकीचं इथल्या मोठ्या सिस्टर सांगतीलच.

---

रात्रपाळी

तुझा प्रश्न काल रात्री दोनच्या सुमारास वाचला, पण नीट लिहायचं होतं म्हणून आज बसले. मी सोळा वर्षं अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. आमच्या वॉर्डातल्या मावश्या, आयांच्या मुली, रिसेप्शनवरची एक मुलगी, अशा काही जणींना या परीक्षेसाठी बसवलंय. तेव्हा जे पाहिलंय ते सांगते.

पहिली गोष्ट, त्या ४२ चुका फेकून देऊ नकोस. इतक्या नेमकेपणाने तुझ्यासाठी कोणीच अभ्यासक्रम आखून देणार नाही. एक वही घे आणि प्रत्येक चुकीपुढे ती *का* झाली ते लिही. माहीतच नव्हतं? माहीत होतं पण प्रश्न चुकीचा वाचला? हिशेबात घसरलीस? की दोन पर्यायांत अडकून भलत्यावर खूण केलीस? प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. प्रश्न नीट न वाचणाऱ्या मुलीने प्रकरण चौथ्यांदा वाचलं तर तिचा एकही गुण वाढत नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता तुझी हिरवी रेघ. रेघ मारताना ती ओळ तुझ्या समोर असते, म्हणून ती ओळखीची वाटते. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी. यावर अभ्यास झालेला आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी पुस्तक बंद करून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे निघाले. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नाहीये. आपल्याकडे याला ‘पुढचं पाठ, मागचं सपाट’ म्हणतात, आणि त्यावरचा उपाय म्हणजे पुस्तक मिटणं.

म्हणून उद्या पहाटे पुस्तक न उघडता एक कोरा कागद घे. रक्ताचा एक थेंब पायाच्या अंगठ्यातून निघाला आणि परत अंगठ्यापर्यंत पोहोचला, हा त्याचा सगळा रस्ता चित्र काढून लिही. महाशिरा, उजवं अलिंद, त्रिदली झडप, उजवं निलय, फुप्फुस धमनी, फुप्फुस, फुप्फुस शिरा, डावं अलिंद, द्विदली झडप, डावं निलय, महाधमनी. (अलिंद म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा, निलय म्हणजे खालचा.) मी हे लिहिलंय म्हणून पाठ करायला जाऊ नकोस. आधी तुझ्या हाताने काढ, अडशील तिथे मोकळी जागा सोड, मग पुस्तक उघड आणि फक्त ती जागा लाल पेनाने भर. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद.

हे करताना तुझ्या चुकीचं मूळ सापडेल. ‘धमनी म्हणजे चांगलं रक्त, शिरा म्हणजे वाईट रक्त’ असं शाळेत डोक्यात बसलेलं असतं. तसं नाहीये. हृदयापासून *दूर* नेते ती धमनी, हृदयाकडे *आणते* ती शिरा. रक्तात काय आहे याच्याशी नावाचा संबंध नाही. फुप्फुस धमनी हृदयातून निघून फुप्फुसाकडे ऑक्सिजन घ्यायला चालली आहे, म्हणून तिच्यात ऑक्सिजन कमी. एकदा दिशा कळली की ‘फुप्फुस शिरेत कोणतं रक्त’, ‘नाळेतल्या शिरेत कोणतं रक्त’ हे प्रश्नही आपोआप सुटतात. नाळेतली शिरा वारेकडून बाळाकडे ऑक्सिजनयुक्त रक्त आणते, तीही त्याच नियमाने.

मला हा धडा फार आवडतो म्हणून थोडं जास्त लिहिते. रक्त गोल फिरतं हे विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरने १६२८ मध्ये मांडलं, आणि त्याचा एक मोठा आधार साधा हिशेब होता. हृदय एका ठोक्याला जेवढं रक्त ढकलतं त्याला ठोक्यांनी गुणलं, तर अर्ध्या तासातच शरीरात असतं त्याहून जास्त रक्त होतं. एवढं रक्त शरीर दर वेळी नव्याने कुठून बनवणार? म्हणजे तेच परत येत असलं पाहिजे. पण धमनीतून शिरेत ते जातं कसं, ते त्याला दिसलं नाही. धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या बारीक नळ्या, म्हणजे केशवाहिन्या, माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञाने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तोवर हार्वीला जाऊन चार वर्षं झाली होती. तूही हा हिशेब कर. एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके. गुणाकार ५०४० मिलिलिटर, म्हणजे पाच लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तही ढोबळमानाने तेवढंच असतं. सगळं रक्त मिनिटभरात एक फेरी मारून येतं! हे एकदा स्वतः काढलंस की विसरणार नाहीस. आणि तुझ्या बाबांच्या पाठीवरचं ते बोट म्हणजे याच केशवाहिन्यांची तपासणी होती. दाबलं की त्या रिकाम्या होतात, सोडलं की भरतात.

रक्ताभिसरण झालं की असाच कोरा कागद किडनीचा. मग श्वसन, मग पचन, मग अंतःस्रावी ग्रंथी. एकेका संस्थेला आठवडा. पण नवीन सुरू केलं म्हणून जुनं सोडायचं नाही. रविवारी मागचे सगळे कागद पुन्हा काढायचे.

इंग्रजी शब्दांचं. ही अडचण मलाही होती, मीही सगळं मराठीतूनच शिकलेय. उपाय असा की त्याच कागदावर प्रत्येक नावाखाली दुसरं नाव लिही. अलिंदाखाली एट्रियम, निलयाखाली व्हेंट्रिकल, त्रिदलीखाली ट्रायकस्पिड, द्विदलीखाली मायट्रल, महाधमनीखाली एओर्टा. वेगळी यादी करू नकोस, यादी पाठ होत नाही. जागेवर लिहिलेलं नाव जागेसकट आठवतं.

आणि शब्द फोडायला शीक. वैद्यकीतले बरेच शब्द ग्रीक-लॅटिन तुकड्यांचे असतात, आपल्या समासासारखे. हायपोग्लायसेमिया: हायपो म्हणजे कमी, ग्लायक म्हणजे गोड, एमिया म्हणजे रक्तात. झाला अर्थ. टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद. शेवटी आयटिस आलं की दाह, एक्टमी आलं की काढून टाकणं, ऑटमी आलं की छेद देणं, ऑस्टमी आलं की तोंड करून देणं (स्टोमा म्हणजे तोंड). हे शेवटचे तीन ऐकायला सारखे वाटतात आणि पेपर काढणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं. किडनीला दोन नावं आहेत, नेफ्रो हे ग्रीकमधून आणि रीनल हे लॅटिनमधून. दोन्ही एकच. साठेक तुकडे आले की न पाहिलेल्या शब्दाचा अर्थसुद्धा लावता येतो. आणि हायपर-हायपोच्या बाबतीत अंदाज नको. पेपरात एक गुण जातो, वॉर्डात साखर वाढलेल्या आणि साखर उतरलेल्या पेशंटमधला फरक चुकतो.

भौतिक-रसायन शरीराला जोडून वाच, सुटं वाचू नकोस. बॉइलचा नियम पाठ करण्यापेक्षा स्वतःचा श्वास बघ: छाती आणि पोटामधला पडदा खाली गेला, छातीची पोकळी वाढली, आतला दाब कमी झाला, हवा आत आली. परासरण म्हटलं की तांबड्या पेशी साध्या पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात, म्हणून सलाइन ०.९ टक्क्याचं. सामू (पीएच, आम्लतेचं माप) म्हटलं की रक्ताचा ७.३५ ते ७.४५, आणि एक अंक खाली म्हणजे आम्लता दहापट. यापलीकडे तुझ्या माहितीपत्रकात असेल तेवढंच.

गणिताचं मी शिकवू शकते, पण इथे माझ्याहून चांगलं सांगणारे आहेत. मुलाखतीचं नंतर लिहीन, ड्युटीची वेळ झाली.

---

टिंब_आणि_शून्य

मी गणिताचा शिक्षक. माझी पत्नी परिचारिका आहे, त्यामुळे या परीक्षेचे पेपर घरात बरेच पाहिलेत.

पहाटेची_वही ताई, २० पैकी ६ हे गणित येत नसल्याचं लक्षण नाही. अकरा वर्षं हात न लावल्याचं आहे. या पेपरात बीजगणित फारसं नसतं. अपूर्णांक, दशांश, टक्केवारी, गुणोत्तर, एककं बदलणं. पहिले दोन आठवडे कॅल्क्युलेटर न वापरता रोज वीस उदाहरणं, फक्त अपूर्णांक आणि दशांश. कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

त्यानंतर एकच सवय लावा: प्रत्येक आकड्यापुढे त्याचं एकक लिहायचं, आणि एककं खोडत जायची. सूत्रं पाठ करायची गरजच उरत नाही. उदाहरणार्थ, १००० मिलिलिटर सलाइन ८ तासांत द्यायचं आहे आणि नळी अशी की २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. मिनिटाला किती थेंब? आपल्याला उत्तर ‘थेंब प्रति मिनिट’ हवंय. १००० मिलिलिटर गुणिले २० थेंब प्रति मिलिलिटर, मिलिलिटर खोडले, उरले २०,००० थेंब. ८ तास म्हणजे ४८० मिनिटं. २०,००० भागिले ४८०, म्हणजे ४१.६७. थेंब अर्धा पडत नाही, म्हणून ४२. बहुतेक मुलं ८ तासांची मिनिटं करायला विसरतात. एकक लिहिलेलं असेल तर ‘थेंब प्रति तास’ समोर दिसतं आणि चूक तिथेच पकडली जाते.

वेळेचं एक गणित नेहमी फसवतं. रात्री ९.४० ला ५०० मिलिलिटर लावलं, वेग तासाला ८० मिलिलिटर. कधी संपेल? ५०० भागिले ८० म्हणजे ६.२५ तास. हे सहा तास पंचवीस मिनिटं नव्हे, सव्वासहा तास. उत्तर पहाटे ३.५५. दशांश तास आणि मिनिटं यांची गल्लत करणारे दर वर्षी भेटतात.

टक्केवारीसाठी वर सिस्टरांनी दिलेलं ०.९ टक्के सलाइनच घ्या. १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ. मग ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ४.५ ग्रॅम. किडनीचंही घ्या: दिवसाला साधारण १८० लिटर गाळलं जातं आणि दीड लिटर बाहेर पडतं, मग किती टक्के परत रक्तात गेलं? १७८.५ भागिले १८०, ९९ टक्क्यांहून जास्त. जीवशास्त्र आणि गणित एकाच पानावर होऊन जातं.

दशांश लिहिताना टिंबाआधी शून्य लिहायचंच: ०.५, नुसतं .५ नाही. आणि पूर्ण संख्येनंतर टिंब-शून्य लिहायचं नाही: ५, ५.० नाही. टिंब पुसट झालं तर पहिल्यात .५ चे ५ होतात, दुसऱ्यात ५ चे ५०. दोन्हीकडे डोस दहापट. दवाखान्यात औषधं लिहितानाही हाच नियम पाळतात, म्हणून आत्तापासूनच हाताला वळण लावा.

तुम्ही ११ प्रश्न सोडलेत, त्याबद्दल. चुकीला गुण कापत नसतील तर एकही कोरा ठेवू नका. कापत असतील तर हिशेब करा. चार पर्याय आहेत आणि चुकीला पाव गुण जातो. १६ प्रश्नांना डोळे मिटून उत्तरं दिली तर सरासरी ४ बरोबर, १२ चूक. चार मिळाले, तीन गेले, एक उरला. एक तृतीयांश कापत असतील तर चार मिळाले, चार गेले, हाती काहीच नाही. पण दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर १६ पैकी ८ बरोबर येतील, आणि तेव्हा उत्तर देणंच फायद्याचं, दोन्ही पद्धतींत.

एक उदाहरण देतो, सोडवून इथे टाका. पेशंटचं वजन ५४ किलो. औषध दिवसाला दर किलोमागे ५ मिलिग्रॅम, तीन समान डोसांत द्यायचं. सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये ६० मिलिग्रॅम औषध आहे. एका वेळी किती मिलिलिटर? (औषध काल्पनिक आहे, गणितापुरतं.)

---

पहाटेची_वही

सहा दिवसांनी लिहितेय. तुमच्या सगळ्यांचं वाचून आधी करून बघायचं ठरवलं होतं.

४२ चुकांची वही केली. माहीतच नव्हतं असे १३. प्रश्न चुकीचा वाचला असे ९, आणि त्यातल्या ६ प्रश्नांत ‘नाही’ किंवा ‘वगळता’ हा शब्द होता! हिशेबाच्या आणि एककांच्या १२. दोन पर्यायांत अडकले असे ८. म्हणजे मी ज्याला ‘अभ्यास कमी पडला’ म्हणत होते ते फक्त १३ होते. मला हे बघून फार हलकं वाटलं. आता प्रश्नातला ‘नाही’ दिसला की त्याभोवती गोल करते, मगच पर्याय वाचते.

कोऱ्या कागदाचं सांगते. पहिल्या पहाटे महाशिरा आणि उजवं अलिंद लिहिलं आणि पेन थांबलं. तीन वेळा वाचलेलं प्रकरण, आणि पुढे काहीच नाही. पंधरा मिनिटं बसून राहिले. अकरापैकी नऊ जागा लाल पेनाने भराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी झडपांची अदलाबदल झाली, बाकी सगळं आलं. आज दोन्ही नावांसकट पूर्ण निघालं. आणि ‘दूर नेते ती धमनी’ हे मी बाबांना सांगितलं. त्यांना अजून नीट बोलता येत नाही, पण चांगल्या हाताने त्यांनी छातीपासून बाहेर अशी खूण केली. त्यांना कळलं होतं.

आता सरांचं गणित. ५४ किलो × ५ मिलिग्रॅम प्रति किलो = २७० मिलिग्रॅम. ६० मिलिग्रॅमला ५ मिलिलिटर, तर २७० ला २२.५ मिलिलिटर. बरोबर आहे का?

---

टिंब_आणि_शून्य

रीत बरोबर, एकक अर्धवट. २७० मिलिग्रॅम नव्हे, २७० मिलिग्रॅम प्रति दिवस. ते दोन शब्द लिहिले असते तर प्रश्नात ‘एका वेळी’ म्हटलंय हे खटकलं असतं. २७० भागिले ३ म्हणजे एका डोसाला ९० मिलिग्रॅम. ९० भागिले ६० गुणिले ५, उत्तर ७.५ मिलिलिटर.

तुमचं २२.५ हे उत्तर पर्यायांत हमखास दिलेलं असतं. पेपर काढणारा चूक कुठे होणार ते ओळखून पर्याय ठेवतो. त्यामुळे ‘माझं उत्तर पर्यायांत आहे, म्हणजे बरोबरच’ असं समजू नका.

---

रात्रपाळी

सरांनी गणिताच्या बाजूने सांगितलं, मी वॉर्डाच्या बाजूने सांगते. उत्तर आलं की ते डोळ्यांसमोर आण. २२.५ मिलिलिटर म्हणजे ५ मिलिलिटरचे साडेचार चमचे, एका वेळी. इतकं सिरप देताना हात थांबायला हवा. आम्ही औषध भरताना हेच करतो: आकडा आला, तो हातात केवढा दिसतोय? एका डोसाला दहा गोळ्या फोडाव्या लागत असतील तर पेशंटकडे जायचं नाही, ऑर्डर परत वाचायची. ही सवय पेपरातही दहा सेकंदांत होते.

तुझी ती १३-९-१२-८ ची विभागणी वाचून मला खरंच बरं वाटलं. आता वेळ तशीच वाट. पहाटेच्या दोन तासांतला पहिला अर्धा तास कोरा कागद, मग तासभर गणित, उरलेला अर्धा तास भाषा आणि शब्दांचे तुकडे. सातव्या आठवड्यापासून दर रविवारी घड्याळ लावून पूर्ण पेपर, ज्या वेळेला खरी परीक्षा असेल त्याच वेळेला. १०० प्रश्नांना ९० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. जो प्रश्न दीड मिनिट खातोय त्यावर खूण करून पुढे जायचं. तुझ्या सुटलेल्या ११ मध्ये सोपे प्रश्न नक्की होते, तू त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाहीस. शेवटच्या आठवड्यात नवीन काही उघडायचं नाही. आणि झोप मोडून अभ्यास करू नकोस. पहाटे साडेचारला उठतेस तर रात्री साडेनऊला आडवं व्हायचं, घरच्यांना सांगून.

आता मुलाखत. मी दोन वेळा निवड समितीत बसलेय. ‘नर्सिंगला का यायचंय’ हे विचारतातच, आणि दहातल्या आठ जणी ‘मला सेवेची आवड आहे’ म्हणतात. ते खोटं नसतं, पण त्यातून समोरच्याला त्या मुलीबद्दल काहीच कळत नाही. तू सेवा हा शब्दही उच्चारू नकोस. दर दोन तासांनी कूस बदलणारी सिस्टर सांग. बोटाने दाबून तिने काय दाखवलं ते सांग, आणि दाबलेली जागा पांढरी का पडते ते आता तुझ्या शब्दांत सांग. बाबांच्या हाताची खूण सांगावीशी वाटली तर सांग, नाही वाटली तर ती तुझ्याजवळ राहू दे.

दुसरा प्रश्न बहुतेक असा येतो: पेशंट चिडला, ओरडला, तर काय कराल? किंवा तुमच्या हातून चूक झाली तर? दुसऱ्याचं उत्तर एकच आहे. आधी पेशंट कसा आहे ते बघेन, मग लगेच वरिष्ठांना सांगेन. लपवणार नाही. हे पाठ करून म्हणू नकोस. आजची २२.५ ची चूक तू सगळ्यांसमोर मांडलीस ना, तसंच बोल.

---

दुसऱ्या_वर्षाला

ताई, एक राहिलं. प्रवेशपत्रावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते आजच बघा. माझ्या बॅचमधल्या एकीचं आडनावातलं एक अक्षर वेगळं होतं, तिचे परीक्षेच्या सकाळचे चाळीस मिनिटं त्यातच गेले.

---

पहाटेची_वही

बघितलं, नाव जुळतंय. फोटो मात्र जुना आहे, तो बदलायला अर्ज केलाय.

सर, २२.५ च्या शेजारी लाल पेनाने ‘प्रति दिवस’ लिहून ठेवलंय. चुकांच्या वहीतली त्रेचाळीसावी. आजपासून रोज पाच उदाहरणं डोसांची, आणि प्रत्येकापुढे सिस्टर म्हणाल्या तसं ‘किती चमचे?’ हा रकाना.

रात्रपाळी ताई, मुलाखतीचं वाचून त्या सिस्टरना शोधायला दवाखान्यात जावंसं वाटतंय. त्यांना आठवणारही नाही कदाचित. रविवारचा पेपर झाला की जाऊन येते.

आज रक्ताभिसरणाचा कागद घड्याळ लावून काढला, झडपांसकट चार मिनिटं. उद्या पहाटे किडनी.